'मर्यादेत' म्हणजे किती?

आमच्या दिंद्रुडला बाजारात मासे येतात ते बहुतेक माजलगाव धरणातले. धरण सिंदफणेवरचं, पण जायकवाडीच्या उजव्या कालव्यातून गोदावरीचं पाणीही त्यात येतं. नाशिककडचं पाणी असं आमच्या मरळीपर्यंत पोचतं. वाटेत शहरं आहेत, कारखाने आहेत. कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: आमचं सांडपाणी मर्यादेत आहे.

मला या 'मर्यादेत'विषयी बोलायचंय. पाऱ्याचंच उदाहरण घ्या. नदीत सोडायच्या सांडपाण्यात तो लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत चालतो, असा आपला नियम. पण नियम मोजतो लिटरवर आणि मासा पाण्यात राहतो वर्षानुवर्षं. गाळातले जिवाणू पाऱ्याचं मिथिल मर्क्युरी करतात. ते शेवाळात जातं, शेवाळ खाणाऱ्या किड्यांत, मग लहान माशांत, शेवटी त्यांना गिळणाऱ्या मरळीत. शरीरातून ते फार हळू बाहेर पडतं, म्हणून दर पायरीला साठा वाढतो. मोठ्या शिकारी माशात त्याचं प्रमाण पाण्याच्या लाखो पट होऊ शकतं. आणि ते बसतं थेट मांसात. मीठ-हळद लावून कितीही धुवा, जात नाही. थेंबे थेंबे तळे साचे, हे आपण फक्त बचतीसाठी शिकवतो.

मग दोषी कोण? प्रत्येकाने थोडंच सोडलंय.

जपानमध्ये निगाता भागात अगानो नदीचे मासे खाणाऱ्यांचे हातपाय बधीर होऊ लागले. १९६५ मध्ये कारण कळलं: पारा. कारखाना नदीच्या बराच वरच्या अंगाला होता. कंपनी म्हणाली, १९६४ च्या भूकंपात गोदामांतली शेतीची औषधं नदीत गेली, त्याने झालं. १९७१ मध्ये कोर्टाने रुग्णांच्या बाजूने निकाल दिला. त्यातलं सूत्र मला फार न्याय्य वाटतं: रुग्णांनी माग कारखान्याच्या फाटकापर्यंत आणून दिला की पुरे, पुढे आपला संबंध नाही हे कंपनीने सिद्ध करायचं.

आपल्याकडे पुरावा मागतात तो आजारी माणसाकडे. 'मासे खाऊ नका' एवढीच बातमी आली, तर भाव पडणार तो टोपली घेऊन बसलेल्या मावशींचा. म्हणून गप्प राहावं, असं काही मित्र म्हणतात. मला ते पटत नाही, कारण मावशींच्या घरीही उरलेले मासेच शिजतात. पाण्याबरोबर मरळही तपासा, आकडे धरणावर मराठीत लावा आणि मावशींचं बुडालेलं उत्पन्न फाटकाच्या आतल्यांकडून वसूल करा. त्यांनी पाण्यात जाळ्याशिवाय काही टाकलेलं नाही.