किती बाय किती?

परसात सामानाची खोली बांधायची ठरली की वेल्डरचा पहिला प्रश्न एकच असतो, "बाई, किती बाय किती?" पत्रा कोणता, अँगल किती जाड, दार की शटर, हे सगळं नंतर. माझ्या मते घरबांधणीत धर्माच्या इतका मुळाशी जाणारा दुसरा प्रश्न नाही. राहत्या घराला माणसांचं माप लावता येतं. सामानाची खोली मात्र आपण आपल्या भीतीच्या मापाने बांधतो, आणि भीती मोजायला टेप नसतो.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या बाजूला. मी शाळेत मराठी शिकवलं, घरची शेती ह्यांनी पाहिली. खोलीची गरज खरी आहे. कापूस निघाला की ठिबकच्या नळ्या गुंडाळून ठेवाव्या लागतात. उन्हात राहिल्या तर कडक होऊन चिरतात, जमिनीला टेकल्या तर उंदीर कुरतडतात. फवारणीचा पंप, ताडपत्र्या, खताच्या गोण्या, ढेप. शिवाय वर्षाचं धान्य: दादर, गहू, बाजरी, तूर. उन्हाळ्यात केलेल्या कुरडया आणि बिबड्यांचे डबे. औषधांच्या बाटल्या धान्याजवळ नकोत म्हणून मध्ये भिंत आणि वेगळं कुलूप हवं. युरियाला हवेतला ओलावा चालत नाही, म्हणून त्याला जमिनीपासून उंच फळी. हे कोणी चैनीसाठी मागत नाही.

पुण्याला असलेला मुलगा फोनवर म्हणाला, "आई, वीस बाय तीसचं टाक. एकदाच काय तो खर्च. उद्या लागेलच." त्याच्या 'लागेलच' या शब्दावर मी बरेच दिवस विचार करते आहे.

धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली, 21 फेब्रुवारी ते 19 जून या काळात, विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. म्हणून आज 'गीता प्रवचने' आपल्या हातात आहेत. सहाव्या अध्यायावर बोलताना विनोबा ध्यानाच्या बरोबरीने जीवनाच्या परिमिततेला बसवतात. खाणं, झोप, बोलणं, सगळं मोजून हवं, असं ते सांगतात. गीतेतला त्या अध्यायातला योगी अपरिग्रही आहे, एकटा आहे. मी एकटी नाही. माझ्यामागे घर आहे, गोठा आहे, पाऊस लांबला तर खायची सोय करायची आहे. मला योग्याचा अपरिग्रह झेपणार नाही. परिमितता मात्र झेपेल, कारण तीत 'ठेवू नका' असं नसून 'मोजून ठेवा' असं आहे.

जळगाव-धुळ्याच्या बाजारपेठेत वाढलेल्यांना जैन गृहस्थाचं पाचवं अणुव्रत ऐकून माहीत असतं. साधूने सर्वस्व सोडायचं, गृहस्थाने सीमा घालायची. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात या व्रताचा भंग कशाकशाने होतो ते सांगितलं आहे. त्यात शेत आणि घर आहे, सोनं-चांदी आहे, धन आहे, धान्य आहे, नोकरचाकर आहेत, भांडीकुंडीसुद्धा आहेत. ठरवलेलं माप ओलांडलं की दोष. मला यातला क्रम फार महत्त्वाचा वाटतो. सीमा आधी घालायची असते. माल आल्यावर सीमा ठरवणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

आमच्या सासऱ्यांचं घर धाब्याचं होतं. मृगाच्या आधी दरवर्षी धाब्यावर खारी माती पसरायची, चोपून बसवायची, पन्हळी मोकळ्या करायच्या. ज्याला हे करायला माणसं नाहीत त्याचं छत गळायचं. त्यामुळे आपल्याला सांभाळता येईल त्याहून मोठं धाबं कोणी घालत नसे. छत दरवर्षी आपली मजुरी मागायचं आणि त्यातूनच माणसाला आपली मर्यादा कळायची. रंगीत पत्रा काही मागत नाही. एकदा जे-हुक आवळले की वर्षानुवर्षं वर बघायचं काम नाही. मे महिन्यात जळगावचा पारा 45 च्या वर जातो तेव्हा त्या पत्र्याखाली उभं राहवत नाही, पण सामान तक्रार करत नाही. म्हणून पत्र्याची खोली वाढते. पत्रा वाईट आहे असं मी म्हणत नाही, आम्हीही पत्राच घालणार आहोत. मात्र जुन्या छताने जी मर्यादा आपोआप घातली, ती आता आपल्याला मनाने घालावी लागेल.

पायाची गोष्ट वेगळी. इथली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. वरवर कोबा केला तर दोन पावसाळ्यांत तडकतो. मुरूम लागेपर्यंत खोदा, जोतं फूट-दीड फूट वर घ्या, दार पूर्वेला ठेवा, कारण पावसाचा झोत पश्चिमेकडून येतो. एवढं केलं की खोली टिकते. टिकाऊ बांधायचं की तात्पुरतं, यावरही आमच्याकडे बोलणं झालं. 1936 च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं. नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावातच मिळणाऱ्या साहित्यातून ते टिळकनगर सजवलं. काम झालं आणि नगर उठलं. अशी वास्तू उभारायची हिंमत मला फार मोलाची वाटते. तरी धान्याला मी बांबूची भिंत देणार नाही. उंदीर थांबणार नाहीत.

आता कापसाबद्दल. 2021-22 च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या वर्षी त्याच आशेवर खानदेशात घरोघर कापूस थांबला. बैठकीच्या खोलीत, पडवीत, जिन्याखाली कापूस. लांब धाग्याचा हमीभाव 6,380 होता, बाजार आठ हजारांच्या आसपास रेंगाळला आणि मग उतरत गेला. साठवलेल्या कापसात किडे झाले, लहान मुलांच्या अंगाला खाज सुटली, लोक अंगणात झोपू लागले. तेव्हा शहाणी माणसं म्हणायची, शेतकऱ्यालाही हाव सुटली.

हे मला मुळीच मान्य नाही. थांबता येणं ही बाजारात मोठी ताकद असते आणि ती व्यापाऱ्याकडे कायम असते, कारण गोदाम त्याचं. शेतकऱ्याला दिवाळीच्या आधी मजुरी द्यायची असते, उधारी फेडायची असते, म्हणून माल आल्या भावाला जातो. त्याने चार महिने माल धरला तर तो फक्त समोरच्याच्या बरोबरीला येतो. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना याच विचाराने निघाली: बाजार समितीच्या गोदामात तूर, सोयाबीन, मका ठेवायचा, त्यावर उचल घ्यायची आणि भाव बरा आला की विकायचा. दुसऱ्याला उपाशी ठेवून भाव चढवणारा साठा वेगळा आणि स्वतःला लुटू न देण्यासाठी धरलेला साठा वेगळा. दोघांना एकाच परिग्रहाच्या पोत्यात भरणं हा अन्याय आहे.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. दुष्काळात त्यांनी बादशाही कोठारं लोकांना उघडून दिली आणि विठ्ठल विठू महार होऊन बिदरला रक्कम भरून आला. या कथेत मला नेहमी जाणवतं की कोठार भरलेलं होतं म्हणून उघडता आलं. धान्य साठवणं हे तिथे पाप नाही. लोक मरत असताना कुलूप राखणं हे पाप आहे. कुराणात आणि बायबलात युसूफ सुकाळाच्या सात वर्षांत धान्य भरून ठेवतो, तेही याच कारणासाठी. येशूने सांगितलेला श्रीमंत शेतकरी मात्र जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचं ठरवतो, आता पुष्कळ वर्षं आराम असं स्वतःच्या जिवाला सांगतो आणि त्याच रात्री त्याचा प्राण मागितला जातो. त्या गोष्टीत तो कोणाशीही बोलत नाही. बेत करतो तो स्वतःशी, आणि बोलतो तेही स्वतःशीच. त्याचं कोठार कुणासाठी, याचं उत्तर तिथेच मिळतं.

धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे. राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यांवरची, वाळवी लागलेली दप्तरं मिळवत राहिले. 1926 च्या डिसेंबरअखेर ते धुळ्यातच गेले आणि पुढच्याच वर्षी मंडळ उभं राहिलं. आयुष्यभर साठवूनही या माणसाने स्वतःसाठी काही ठेवलं असं कोणाला म्हणता येणार नाही. माळ्यावर ठेवणाऱ्यांनीही कागद जपलेच होते. फक्त कशासाठी, हे त्यांना आठवत नव्हतं.

खळ्यावरची जुनी रीत मी लहानपणी शेवटची शेवटची पाहिली. रास झाली की घरात पोतं जाण्याआधी वाटे निघत. सुताराचा, लोहाराचा, कुंभाराचा, आणि मग इतरांचा. त्या वाट्यांत जातीची उतरंड होती, लादलेलं काम होतं, अपमान होता. ती व्यवस्था परत यावी असं मी कधीही म्हणणार नाही. पण कोठीत धान्य पडण्याआधी दुसऱ्याचं बाजूला निघायचं, हा क्रम मात्र मला हवा आहे. एकदा कुलूप लागलं की आतलं सगळं आपलं वाटू लागतं, मग दिलेलं दान होतं आणि देणारा मोठा होतो. कुलपाआधी दिलं तर तो केवळ हिशेब असतो. आमच्या सालदाराचं धान्य यंदापासून खळ्यावरूनच त्याच्या घरी जाईल. आखाजीला साल ठरतं तेव्हाच हे त्याच्याशी बोलून झालं आहे.

खोली दहा बाय बाराची होणार. मुलाला ते पटलेलं नाही, आणि जागा असून लहान का बांधायचं हा त्याचा प्रश्न मी टाळत नाही. सुट्टीत आला की पुन्हा बोलू. दाराच्या आतल्या बाजूला मी यादी लावणार आहे: दादर आणि गहू एका वर्षाचे, वर दोन महिन्यांचे; खत एका हंगामाचं; मोडकी वस्तू दुरुस्तीला किंवा भंगारात, फळीवर नाही; कापूस इथे नाही, त्याची सोय वेगळी. ह्यांनी यादी वाचली आणि एकाच ओळीवर हरकत घेतली. मूग-उडदाचं बी मी एका पेरणीपुरतं लिहिलं होतं. ते म्हणाले, मृगाने पाठ फिरवली तर दुबार पेरणीला काय टाकणार, ते दुप्पट कर. मी खोडून दुप्पट लिहिलं.