गणपतीला स्वेटर, मग मुलाला का नाही?



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय २, श्लोक १४

या श्लोकाचा भावार्थ आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. भगवंत अर्जुनाला सांगतात, इंद्रियांचा विषयांशी संबंध आला की थंडी-ऊन, सुख-दुःख जाणवणारच. ते येतं आणि जातं. कायम राहत नाही. म्हणून सहन कर. या सहन करण्यालाच तितिक्षा म्हणतात.

रविवारच्या वाचनात हा श्लोक झाला आणि एका ताईंनी प्रश्न विचारला. त्यांची मुलगी सहावीत आहे. शाळा सकाळी सातची. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला, पण सहावीला त्याचा काही उपयोग नाही. वर्गात ऊन दहानंतर येतं, खिडकीची एक काच फुटलेली आहे, आणि शाळेचा नियम असा की बोधचिन्ह असलेला पातळ स्वेटर तेवढाच चालेल. वर जाकीट किंवा कानटोपी घातली तर गेटवरच काढून दप्तरात ठेवायची. ताई म्हणाल्या, "मग मी तिला काय सांगू? भगवंत म्हणतात तसं सहन कर, की शाळेशी भांडू?"

प्रश्न साधा वाटतो, पण मला तो दोन दिवस सोडत नव्हता.

पहिली गोष्ट, हा उपदेश कोण कुणाला करतंय ते बघू या. समोर अर्जुन आहे. जाणता, शस्त्र पेललेला माणूस. त्याने स्वतःहून शिष्यत्व पत्करलंय, मला मार्ग दाखव असं म्हटलंय. आणि सांगणारा कुठे आहे? त्याच रणांगणात, त्याच रथावर, अर्जुनाच्याही पुढे बसलेला. बाण आले तर आधी सारथ्याला लागणार. आता आपल्या शाळेचं गेट डोळ्यांसमोर आणा. मुलीला जाकीट काढायला सांगणारे सर स्वतः जाकीट घालून, मफलर गुंडाळून उभे असतात. वाईट माणूस नाहीत ते, त्यांनाही वरून सूचना असते. पण ऊबदार कपड्यात उभं राहून दुसऱ्याला थंडी सोसायला लावणं ही तितिक्षा नव्हे. तितिक्षा स्वतःसाठी असते. दुसऱ्यासाठी असते ती करुणा. या दोन्हींची अदलाबदल झाली की स्वतःला सवलत आणि दुसऱ्याला उपदेश, एवढंच उरतं.

हे माझ्या पदरचं नाही. सहाव्या अध्यायाच्या बत्तिसाव्या श्लोकात भगवंत श्रेष्ठ योगी कोण ते सांगतात : जो दुसऱ्याचं सुख-दुःख स्वतःवरून ओळखतो तो. आणि सतराव्या अध्यायात तर शरीराला छळणाऱ्या तपाला ते स्पष्ट नावं ठेवतात. देहाला पीडा देणारा त्या देहात राहणाऱ्या मलाही पीडा देतो, असा तिथला भाव आहे. स्वतःच्या देहाबद्दल हे, मग लेकराच्या देहाबद्दल काय म्हणावं?

आणि लेकराचा देह खरंच वेगळा असतो. लहान शरीराच्या वजनाच्या मानाने त्वचेचं क्षेत्र जास्त, त्यामुळे ऊब लवकर निघून जाते. थंडी वाढली की शरीर आधी हृदय-फुप्फुसं सांभाळतं आणि हातापायांचा रक्तपुरवठा कमी करतं. बोटं आखडतात. मग वहीत अक्षर वाकडं येतं, आणि शेरा मिळतो, "अक्षर सुधारा."

आता दुसरी बाजू. गणवेश मला मनापासून आवडतो. त्यामागे एक सुंदर विचार आहे : वर्गात श्रीमंताचं मूल आणि मोलकरणीचं मूल वेगळं दिसू नये. वारीत सगळे एकमेकांच्या पाया पडतात, त्यातलीच ही समता. म्हणून "नियम गेले खड्ड्यात" असं मी म्हणणार नाही. पण नियम ज्यासाठी केला, तेच तो करतोय का, हे विचारायला हवं. एका ठरावीक दुकानातला बोधचिन्हाचा स्वेटर सगळ्यात जड कुणाला जातो? ज्याच्या घरी मोठ्या भावाचा जुना जाड स्वेटर आधीच आहे, पण रंग वेगळा म्हणून चालत नाही, त्याला. समतेसाठी केलेला नियम गरिबालाच कुडकुडत ठेवत असेल, तर समता कापडात राहिली, माणसात नाही.

जानेवारी २०२३ मध्ये राजकोटच्या एका शाळेत आठवीतली मुलगी कोसळली आणि गेली. शाळेच्याच स्वेटरची सक्ती होती, थंडीने माझं लेकरू गेलं, असं तिच्या आईचं म्हणणं होतं. वैद्यकीय तपासणीत हृदयाचं कारण पुढे आलं. कारणाचा निवाडा आपण करायचा नाही. पण त्यानंतर गुजरातच्या शिक्षण विभागाने शाळांना सांगितलं की ठरावीक स्वेटरचा आग्रह नको, मुलं जे गरम कपडे घालून येतील ते चालू द्या. म्हणजे नियम बदलता येत होता. आधीही येत होता.

इथे मला नाथ महाराज आठवतात. पैठणला गोदावरीच्या वाळवंटात भर दुपारी एक अस्पृश्य मानलेलं मूल रडत होतं, पाय भाजत होते. विटाळाचा नियम नाथांना ठाऊक नव्हता का? पण त्यांनी मूल कडेवर घेतलं आणि घरी पोचवलं. तिथे वाळू तापलेली होती, इथे फरशी गारठलेली. प्रश्न तोच आहे : आधी लेकरू की आधी नियम? गाडगेबाबांच्या दशसूत्रीतही अन्न-पाण्यानंतर वस्त्र येतं, आणि शिक्षण त्याच्या नंतर.

आणि देवाचंच बघा ना. पंढरीत विठुरायाचा पोशाख किती काटेकोर असतो! तरी थंडी पडली की त्याला शाल, कानपट्टी, ऊबदार वस्त्रं चढतात. पुण्यात सारसबागेतला गणपती हिवाळ्यात स्वेटर-कानटोपी घालून बसतो, आपण हौसेने फोटो काढतो, स्टेटसला ठेवतो. दगडाच्या मूर्तीला थंडी वाजत असेल हे ज्या मनाला सुचतं, ते मन फार कोवळं आहे. तेच मन शाळेच्या गेटवर का थांबतं?

म्हणून ताईंना मी एवढंच म्हटलं. मुलीला तितिक्षा जरूर शिकवा, पण तिने स्वतः निवडलेल्या गोष्टीत. काकड्याला पहाटे उठायचंय, एकादशी करायचीय, तिला हवं तेव्हा ती थांबू शकते. लादलेल्या थंडीला तितिक्षेचं नाव देऊ नका. उद्यापासून शर्टाच्या आत अंगासरशी बसणारा गरम बनियन घाला, एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ थर हवा अडवून जास्त ऊब धरतात. आणि चार पालक मिळून मुख्याध्यापकांना नम्रपणे भेटा. मागणी "माझ्या मुलीला सूट द्या" अशी नको. "डिसेंबर-जानेवारीत कुठल्याही मुलाला कुठलाही स्वेटर चालू दे, आणि ती काच बसवून घ्या" अशी असू दे. स्वतःच्या लेकरासाठी मागणं ही माया झाली, सगळ्यांच्या लेकरांसाठी मागणं हा भागवत धर्म. भांडण न करताही ठाम राहता येतं.

आजचा संकल्प : घरात लहान झालेला पण धड असलेला एक स्वेटर शोधू या. धुऊन, बटणं लावून, ज्याला लागेल त्या मुलापर्यंत पोचवू या. आज कुणाला "सहन कर" म्हणायची वेळ आलीच, तर आधी स्वतःला विचारू या, मी त्याच्याच रथावर बसलोय का?

राम कृष्ण हरी.