‘परवडत नाही’ म्हणजे नक्की काय?

मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधाने मुलं दगावल्याच्या बातम्यांनी जीव कासावीस झाला होताच. त्यावर पुन्हा ते नेहमीचं वाक्य कानावर आलं : ‘छोट्या कारखान्यांना हे सगळे नियम परवडत नाहीत.’ पुरवठादाराने फसवलं, निरीक्षक अपुरे आहेत, डॉक्टरांनी एवढ्याशा मुलांना ते औषध दिलंच का, हेही बोलून झालं. त्यात तथ्य असेलही. पण ‘परवडत नाही’ हे माझ्या घशाखाली उतरत नाही.

काय परवडत नाही, ते तरी सांगा! तमिळनाडूच्या प्रयोगशाळेला ‘कोल्ड्रिफ’ या त्या औषधात 48.6 टक्के डायथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं. मर्यादा 0.1 टक्का. इतकी भेसळ पकडायला कोट्यवधींची यंत्रं लागत नाहीत. गॅस क्रोमॅटोग्राफ नसेल तर नमुना बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवता येतो. सिलिकाचा थर दिलेल्या पट्टीवर थेंब ठेवून करायची साधी टीएलसी चाचणीसुद्धा एवढं विष दाखवून देते. औषधात वापरायच्या प्रॉपिलिन ग्लायकॉलचा ड्रम आला की त्यावर ‘क्वारंटाइन’चं लेबल लावायचं, गुणवत्ता तपासणी (क्यूसी) विभागाच्या माणसाने नमुना काढायचा आणि अहवाल येईपर्यंत ड्रमला हात लावायचा नाही. यात खर्च कशाचा? थांबण्याचा. गाडी दारात उभी आहे, वितरकाचे फोन येताहेत, म्हणून थांबायचं नाही. मग तसं स्पष्ट म्हणा. लहान उद्योगाच्या गरिबीची ढाल पुढे करू नका. त्याच परिस्थितीत प्रत्येक ड्रम तपासणारे छोटे कारखानदार आहेत, त्यांचा हा अपमान आहे. आणि परवडत नव्हतं, तर मुलांच्या तोंडात जाणारं औषध बनवायचा परवाना मागितला कशाला?

मुंबईकरांना तर हे नवं नाही. 1986 मध्ये जे. जे. रुग्णालयात याच डायथिलिन ग्लायकॉलने दूषित झालेल्या ग्लिसरीनने 14 रुग्ण दगावले. न्या. लेंटिन आयोगाने पुरवठादारापासून रुग्णालय, अन्न व औषध प्रशासन (एफडीए) आणि मंत्र्यांपर्यंत सगळ्यांवर ठपका ठेवला. त्यानंतर गुरुग्राम, जम्मू, गांबिया इथेही बळी गेले. रसायन तेच.

ड्रम तपासला की नाही, हे कागदावरून कळायला हवं; पण माझा जुना राग त्या कागदावरच, म्हणजे प्रत्येक घाण्याच्या नोंदीवर, बॅच रेकॉर्डवर आहे. चार पाळ्यांच्या नोंदी, चार वेगळ्या माणसांच्या सह्या, आणि शाई मात्र एकच, अक्षराचा कलही एकच! ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी बसून भरलेलं ते पान मला भेसळीइतकंच भयंकर वाटतं.  काम केलं त्या क्षणी लिहायचं, चुकलं तर चूक दिसेल अशी खोडायची, एवढं साधं पथ्य आहे. ते न पाळणाऱ्या कारखान्यांतच ‘गुणवत्ता हेच आमचे ब्रीद’ ही पाटी सर्वांत मोठी असते.

औषधनिर्मितीच्या दर्जाचे नियम म्हणजे सुधारित शेड्यूल एम; त्यासाठी छोट्या कारखान्यांना 31 डिसेंबर 2025 पर्यंत मुदत वाढवून मिळाली. इमारत, हवेची यंत्रणा यांना वेळ लागतो, मान्य. पण कच्चा माल तपासण्याची सक्ती आधीपासूनच होती. त्याला कसली मुदत?

निरीक्षकांना एक विनंती आहे. फाइल नंतर मागा, आधी नमुने काढणाऱ्या कामगाराला बाजूला घ्या. शेवटचा ड्रम कधी अडवलास आणि साहेब काय म्हणाले, एवढं त्याला विचारा. तो मालकाच्या केबिनकडे बघू लागला, तर तपासणी तिथूनच सुरू करा.