आठवी आज्ञा, नववी आज्ञा आणि पेट्रोलचा एक थेंब

(वाचा : लेवीय १९:११-१८ व ३५, ३६)

तांदळात खडे मिसळले तर ते डोळ्यांना दिसतात. दुधात पाणी घातले तर जिभेला कळते. पेट्रोलचे तसे नाही. ते जमिनीखालच्या टाकीतून वर येते, नळीतून जाते आणि आपल्या गाडीच्या टाकीत दिसेनासे होते. विकत घेणाऱ्याला ते धड पाहताही येत नाही. म्हणून पंपावरचा सगळा व्यवहार विश्वासावर चालतो. आणि विश्वास जेथे आंधळा असतो तेथे संशयही आंधळाच असतो. आपल्याला भेसळीचे पेट्रोल मिळाले असा संशय आला, तर ख्रिस्ती मनुष्याने काय करावे? प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण मला तो एकदा फार महाग पडला.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात मी एका आजारी नातलगाला पाहण्यासाठी बालाघाटहून बैहरकडे मोटारसायकलवर निघालो. निघताना एका पंपावर पेट्रोल भरले. घाट चढू लागलो तशी गाडी आचके देऊ लागली आणि मध्येच बंद पडली. दोन्ही बाजूंना जंगल, वर पाऊस. एका ट्रकवाल्याने दया करून मला गाडीसकट पुढे नेले. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने कार्ब्युरेटर उघडला, वास घेतला आणि म्हणाला, “साहब, पेट्रोल में मिलावट है.” मला तेवढे पुरे झाले.

रविवारी उपासना आटोपल्यावर चर्चच्या आवारात मी ही हकीकत चारचौघांना सांगितली, आणि पंपाचे नाव घेऊन सांगितली. पुढच्या रविवारपर्यंत ती चाळीसेक घरी पोहोचली होती. वाटेत तिला शेपूटही फुटले होते : म्हणे, तेथे काम करणारी मुलेच रात्री टाकीत रॉकेल ओततात! त्या पंपावर आपल्याच मंडळीतला एक तरुण नोकरीला होता. तो उपासनेला येईनासा झाला.

महिनाभराने दुसऱ्या पंपाचे पेट्रोल भरूनही गाडी पुन्हा बंद पडली. या खेपेस मिस्त्रीने टाकी काढून उलटी केली. झाकणाचे रबर झिजले होते. पावसाचे पाणी माझ्याच टाकीत उतरत होते आणि आतून गंज धरला होता. चोर कोणीच नव्हता.

मी त्या तरुणाच्या घरी जाऊन क्षमा मागितली. तो म्हणाला, “काका, तुम्ही पंपावर येऊन विचारलं असतं, तर तुमच्यासमोर कागदावर थेंब टाकून दाखवला असता.” त्याने मला क्षमा केली. पण ज्या चाळीस घरी माझा आरोप पोहोचला, त्यांपैकी किती घरी मी माझी चूक सांगायला गेलो? सहा की सात. बाकीच्यांच्या मनात तो पंप अजूनही चोराचाच असेल.

तर मग अशा वेळी मुकाट्याने बसावे काय? मुळीच नाही. इंधनातील भेसळ ही काही मिस्त्र्यांनी रचलेली गोष्ट नव्हे. गरिबांसाठी रेशनवर मिळणारे निळे रॉकेल आणि डिझेल यांच्या भावात पूर्वी फार मोठे अंतर होते, आणि त्या अंतरावर टोळ्या पोसल्या गेल्या. ही चोरी दुहेरी होती : गाडीवाल्याचे इंजिन तर नासेच, पण ज्या झोपडीचा दिवा आणि स्टोव्ह त्या रॉकेलवर पेटायचा, ती झोपडीही लुबाडली जाई. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ पानेवाडी येथे हा गैरप्रकार दिसला. त्यांनी तो डोळ्यांआड केला नाही. ते थांबले, चौकशी करू लागले. भेसळखोरांनी त्यांना जिवंत जाळले. त्यापूर्वी १९ नोव्हेंबर २००५ रोजी उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी जिल्ह्यात इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी एस. मंजुनाथ यांना गोळ्या घालून ठार केले गेले. भेसळीबद्दल पंपावर कारवाई केली, एवढाच त्यांचा अपराध होता. या दोघांनी सत्यासाठी प्राण वेचले. आपल्याकडून दहा मिनिटे मागितली, तर आपण म्हणतो, “जाऊ द्या, कोण कटकट करणार?”

म्हणजे संशयी मनुष्य दोन आज्ञांच्या मध्ये उभा असतो. आठवी आज्ञा चोरी करू नको असे सांगते. चोरी पाहून गप्प राहणारा चोराला हातभार लावतो. नववी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोट्या साक्षीला मनाई करते. न पाहिलेले पाहिल्यासारखे सांगणारा ती आज्ञा मोडतो. आपण बहुधा एकाच आठवड्यात दोन्ही मोडतो : पंपावर गप्प बसतो आणि चर्चच्या आवारात बोलतो. जेथे बोलायचे तेथे मौन, आणि जेथे मौन धरायचे तेथे बडबड!

लेवीयाचा एकोणिसावा अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचून पाहा. खऱ्या मापांची आज्ञा त्यात आहे, आणि तेथे धान्याच्या एफाबरोबर हिनाचाही उल्लेख आहे. हिन हे तेल, द्राक्षारस अशा पातळ पदार्थांचे माप. म्हणजे पंपावरच्या लिटरचा हा वडीलधारी नातलगच म्हणावा! पण त्याच अध्यायात लोकांत चहाड्या करीत फिरण्यास मनाई आहे, आणि शेजाऱ्याचा मनात द्वेष न धरता त्याला उघडपणे दोष दाखवावा असेही सांगितले आहे. ज्या देवाला लबाड माप खपत नाही, त्याच देवाला लबाड जीभही खपत नाही. व्यापाऱ्याचे माप आणि गिऱ्हाइकाची जीभ, दोन्ही एकाच तागडीत तोलली जातात.

या दोहोंमधून वाट कोणती? उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात सदोमाविषयीची ओरड देवाच्या कानी गेली. तो तर सर्वज्ञ. तरी न्याय करण्याआधी आपण खाली उतरून ती ओरड खरी आहे की नाही ते पाहू, असे तो म्हणतो. देव जेथे खाली उतरून पाहतो, तेथे आपण दुचाकीवरून उतरूनही पाहत नाही!

पाहण्याची साधने तर आपल्या हातात आहेत. पंपावर गिऱ्हाइकाला तीन तपासण्या मागता येतात, आणि त्यांना पैसे पडत नाहीत. पहिली, फिल्टर पेपरची. नळीचे तोंड स्वच्छ पुसून पेट्रोलचा एक थेंब त्या कागदावर टाकावा. शुद्ध पेट्रोल सुमारे दोन मिनिटांत उडून जाते आणि डाग राहत नाही. दुसरी, घनतेची. हायड्रोमीटर व थर्मामीटरने घनता मोजतात, ती १५ अंश सेल्सियसच्या हिशेबाला आणतात आणि पंपाच्या वहीतील नोंदीशी ताडून पाहतात; घनमीटरला ३ किलोहून अधिक फरक निघाला तर संशयास जागा आहे. तिसरी, मापाची. नापतौल विभागाचा शिक्का असलेले ५ लिटरचे माप भरून दाखवावे लागते. त्यात २५ मिलिलिटरपेक्षा जास्त तूट चालत नाही. एवढ्याने समाधान झाले नाही, तर पावती जपून ठेवावी, पंपाच्या तक्रारवहीत लिहावे, तेल कंपनीच्या अधिकाऱ्याला, जिल्ह्याच्या पुरवठा कार्यालयाला किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला कळवावे. हा काही भांडखोरपणा नव्हे. प्रामाणिक पंपवाल्याला यात आपली इभ्रत राखण्याची संधीच मिळते.

आणखी एक गोष्ट. नियमशास्त्र दोन-तीन साक्षीदार मागते. २६ जून २०२५ च्या रात्री आपल्याच मध्य प्रदेशात, रतलाम येथे, मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातील १९ गाड्या एकाच पंपावर डिझेल भरल्यावर बंद पडल्या. टाक्या उघडल्या, तर डिझेलमध्ये पाणी! पंपाला सील लागले. पावसाचे पाणी पंपाच्या टाकीत उतरले असावे, असे कारण पुढे आले. एकोणीस गाड्या म्हणजे एकोणीस साक्षीदार. माझी एकटी मोटारसायकल काहीच सिद्ध करीत नव्हती. त्या दिवशी त्या पंपाची आणखी कोणाची गाडी बंद पडली काय, एवढे जरी मी मिस्त्रीला विचारले असते, तरी एका तरुणाचे नाव वाचले असते. शिवाय पाणी आढळले म्हणजे कोणी ते ओतलेच असे नव्हे. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. टाकीत पाणी शिरले तर ते इथेनॉलला ओढून घेऊन तळाशी बसते. हयगय हाही दोषच आहे आणि तिची भरपाई मागावी. पण हयगयीला चोरी म्हणू नये.

मात्र रतलामची गोष्ट मनाला बोचतेही. मोठ्यांच्या गाड्या थांबल्या तर अधिकारी धावून येतात. शेतमजुराची जुनी दुचाकी घाटात थांबली तर तिच्यासाठी कोण येतो? त्याच एकोणिसाव्या अध्यायात गरीब-श्रीमंत पाहून न्याय करू नये असे बजावले आहे. म्हणून ज्याला लिहिता-वाचता येते, ज्याला कार्यालयाची पायरी चढण्याची भीती वाटत नाही, त्याने आपल्या नुकसानीसाठी नव्हे, तर ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी तक्रार लिहावी. ती शेजारप्रीतीच आहे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक विनंती. आठवी आज्ञा शिकवाल त्या रविवारी नववीही शिकवा. मुलांना विचारा, “तुमच्या पेन्सिली चोरीला गेल्या असे वाटले, तर आधी कोणाला सांगाल?” बहुतेक मुले मित्राचे नाव सांगतील. मग त्यांना सांगा : आधी आपले दप्तर नीट झाडून पाहा, मग ज्याच्यावर संशय आहे त्यालाच विचारा, आणि मग बाईंना सांगा. हा क्रम लहानपणी अंगवळणी पडला, तर मोठेपणी कोणा तरुणाला मान खाली घालून घरी बसावे लागणार नाही.

तो तरुण पुढे उपासनेला पुन्हा येऊ लागला. मी आता त्याच पंपावर पेट्रोल भरतो. पण राहिलेल्या घरांची यादी अजून माझ्या खिशात आहे, आणि हा लेख त्यांतल्या काहींच्या दारावरची थाप आहे.