भार कुणाचा?

गोरखीतून महाराजबाड्याकडे वरात निघाली, की आपण नवरदेवाचा फेटा बघतो, घोडीची झूल बघतो. खुरांकडे कुणाचं लक्ष जात नाही.

खूर आपल्या नखासारखाच. केस संपतात त्या वरच्या कडेपासून वाढतो, महिन्याला जेमतेम 6 ते 10 मिलिमीटर. पडलेली भेग सांधत नाही. वरून नवा खूर उतरतो, तशी ती खाली सरकत जाते. पुरता खूर बदलायला वर्षभर लागतं. तोवर नालबंदाकडून दर 6 ते 8 आठवड्यांनी खूर तासून घ्यायचा, भेगेवरचा दाब कमी करायचा, विसावा द्यायचा. रक्त आलं किंवा घोडी लंगडू लागली, तर पशुवैद्यच हवा.

आता प्रश्न असा, की या विसाव्याचे पैसे कुणी द्यायचे? घोडीवाल्याचं पोट लग्नसराईवर. त्याला निर्दय म्हणणं सोपं. पण घासाघीस करून भाडं पाडतो आपणच. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत अतिभारारोपण सांगितलंय. तो भार काय फक्त पाठीवरचा? भेगाळलेल्या खुरांनी डांबरी रस्त्यावर नाचायला लावणं, हाही भारच. नेमिनाथांनी पशूंचा आक्रोश ऐकून लग्नाचा रथ माघारी फिरवला. घोडी तर आक्रोशही करत नाही. पाय तेवढा हलकेच टेकते.

तेव्हा मैत्रिणींनो, घोडी ठरवताना आधी खूर बघा, भाडं पाडू नका. ऐनवेळी लंगडताना दिसली, तर ठरलेले पैसे हातावर ठेवून तिला परत पाठवा. नवरदेव चार पावलं चालला म्हणून लग्न काही अडत नाही.