आकाश मोजणारे धर्मगुरू

धर्मगुरूने आत्म्यांची चिंता वाहावी. ताऱ्यांचा हिशेब त्याने का ठेवावा? दुष्काळाशी झगडणाऱ्या आपल्या सोलापुरात हा प्रश्न आम्हांस गैर वाटत नाही.

त्याचे एक उत्तर घरच्या दिनदर्शिकेतच आहे. येशूसंघीय गणिती फादर ख्रिस्तोफर क्लाव्हियस यांनी कालगणनेच्या सुधारणेमागील गणित सांभाळले आणि १५८२ साली ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर उजाडला. पुनरुत्थानाचा सण योग्य ऋतूत राहावा म्हणून ख्रिस्तसभेने आपल्या गणनेतील दहा दिवसांची चूक मान्य केली.

परंतु दूरच्या दीर्घिकांचे काय? गोव्याचे येशूसंघीय फादर रिचर्ड डिसोझा यांनी एरिक बेल यांच्यासह २०१८ मध्ये असा निष्कर्ष मांडला, की देवयानी दीर्घिकेने सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी दुसरी एक मोठी दीर्घिका गिळली. २०२५ मध्ये ते व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक झाले. या शोधाने सोलापुरात पाऊस पडत नाही, की एखादे धर्मतत्त्वही सिद्ध होत नाही.

आमच्या मते त्याचे नैतिक मोल नेमके तेथेच आहे. लाभ नसतानाही आकडा आहे तसा मांडणे, आवडते अनुमान चुकल्यास ते सोडून देणे, ही खोट्या साक्षीविरुद्धच्या आठव्या आज्ञेची कठोर साधना होय. दुकानाचा तराजू, संस्थेचा जमाखर्च यांस आपण हीच कसोटी लावतो का? भुकेल्याला भाकरी द्यावीच. पण ती वाटणाऱ्या हाताचे मापही खरे असावे.