सर्वांच्या जागेचे दान

रुग्णालय हवे की बाग, असे विचारले तर आपण चटकन रुग्णालय म्हणू. बंगळूरच्या राजमहाल विलास वसाहतीत उद्यानासाठी राखलेली जागा मुख्यमंत्र्यांच्या आदेशावरून एका खासगी वैद्यकीय न्यासाला देण्यात आली, तेव्हा तेथील रहिवासी न्यायालयात गेले. त्यांना आजाऱ्यांचे वैरी ठरविणे किती सोपे होते! १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचीच बाजू उचलून धरली; खासगी शुश्रूषागृह हा सार्वजनिक उद्यानाला पर्याय नव्हे, असा निर्वाळा दिला. रुग्णसेवा हे पुण्यकर्म खरेच. पण जे सर्वांचे आहे ते एकाच्या ओंजळीत घातल्यावर पुण्य कोणाच्या पदरी पडावे? इस्पितळे आमचा समाजही चालवितो, अभिमानाने चालवितो. अशी राखीव जागा उद्या आमच्या दारी चालून आली, तर ती आम्ही परत करू काय?